दाखल्यावरचा आळस

शेवंताबाईचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. पहिल्या पाळीचा भोंगा सातला व्हायचा आणि देवपुरातल्या घरून गिरणीपर्यंत पायी यायला तासभर पुरे होता. तरी ती साडेतीनलाच उठे. पाणी भरून, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापून, घर झाडून ती गेटवर पोचे तेव्हा वॉचमन अजून कानावरचा मफलर सोडत असे. भोंगा झाल्यावर धावत येणारी माणसं तिला पाहवत नसत. "धावाले पाय शेतस, उठाले नही," असं ती आपल्या अहिराणीत त्यांच्या तोंडावर म्हणे.

धुळ्याच्या त्या सूतगिरणीत ती वाइंडिंग खात्यात होती. कांडीवरचं सूत मशीनवर चढवून कोनावर, म्हणजे निमुळत्या पुठ्ठ्याच्या नळीवर, गुंडाळायचं. धागा तुटला की गाठ मारायची, कांडी रिकामी झाली की नवी लावायची. काम ऐकायला सोपं आहे. करायला घेतलं की कळतं. गाठ इतकी बारीक हवी की बोटाला लागू नये, आणि शेपूट राहिलं तर पुढे मागावर तोच धागा पुन्हा तुटतो. पाळीभर मशीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, थांबायचं, वाकायचं, पुन्हा जायचं. खाली सिमेंट, वर उडणारा कापूस, आणि बसायला काही नाही. शेवंताबाईने बसायला कधी मागितलंही नाही.

दुसऱ्यांनी मागितलं तर मात्र तिचं डोकं फिरे. "बठ्ठ्यास्ले बसाले जागा पाहिजे. काम कोन करी?" शेजारच्या मशीनवर हुस्नबानो होती. दुपारच्या वेळी ती कांड्यांची पेटी उलटी करून दोन घटका टेकायची. शेवंताबाई तिचे कोन उचलून उजेडात धरायची आणि शेपूट राहिलेली गाठ दिसली की ती नखाने उपटून हुस्नबानोच्या पुढ्यात टाकायची. तोंडाने एकच शब्द निघे. आळशी. तिच्या जिभेवर याहून वाईट शिवी नव्हती. खात्याचा मुकादम म्हणजे जॉबर, भरलेल्या कांड्या उतरवणारा डॉफर, झाडूवाला, कँटीनचा पोऱ्या, कुणीच त्यातून सुटलं नव्हतं. गिरणीत शेवंताबाईवर प्रेम करणारं माणूस शोधून सापडलं नसतं. तिला त्याची गरजही वाटत नसे. तिच्या कोनात खोट निघत नाही, एवढं लोकांना कबूल करावं लागे. तिला तेवढं पुरत होतं.

ऑफिसात चुडामण हेडक्लार्क होता. हजेरी, रजा, पगार, सगळं त्याच्या हाताखालून जाई. एकदा पगाराच्या रांगेत शेवंताबाईने त्याला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "चुडामणभाऊ, तुमले पाय शेतस का? कव्हय उभा दखायनात नही." रांग हसली. चुडामण हसला नाही.

तिच्या डाव्या पायाची जखम तशी साधी होती. घोट्याच्या वर, आतल्या अंगाला, कांड्यांच्या पेटीचा कोपरा लागला. वर्षानुवर्षं उभं राहून तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. त्या शिरांच्या खालीच कातडं फाटलं. तिने हळद दाबली, चिंधी बांधली आणि कामाला गेली. जखम भरली नाही. पण दुखलीही नाही. म्हणून ती उभी राहिली. असं वर्ष गेलं, वर आणखी पावसाळा गेला. जखम रुपयाएवढी झाली, मग तळहाताएवढी. तरी दुखत नव्हती.

एक दिवस हुस्नबानो नाकाला पदर लावून म्हणाली, "अक्का, तुम्हारे पाँव में से बास आ रही."

"कापूस सडेल शे तठे."

"कापूस नहीं सडता ऐसा."

हुस्नबानोने जाऊन जॉबरला सांगितलं. जॉबरने चिंधी सोडायला लावली, बघितलं आणि तिथल्या तिथे तिला सरकारी दवाखान्यात पाठवलं. शेवंताबाईला हे उपकार वाटले नाहीत. आपली पाठ वळली की हिला पेटीवर बसायला मोकळं, असंच तिच्या मनात आलं. जाताना ती हुस्नबानोकडे बघूनसुद्धा गेली नाही.

डॉक्टरने सहा आठवडे पडून राहायला सांगितलं. पाय उशीवर, उशी पेटीवर. इंग्रजीत दाखला लिहून दिला. तो तिने शेजाऱ्याच्या हाती ऑफिसात पोचवला आणि आयुष्यात पहिल्यांदा दिवसाउजेडी आडवी झाली. ते सहा आठवडे तिने कसे काढले ते तिच्या सुनेला विचारावं. भोंगा झाला की ती पडल्या पडल्या सांगायची, आता पहिली कांडी लागली, आता हुस्नबानो बसली.

सातव्या आठवड्यात पट्टी बांधून ती कामावर आली, तर गेटच्या आत सूचनाफलकापाशी माणसं जमलेली. तिला बघून ती बाजूला झाली. काही जणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेवंताबाई चौथी शिकलेली होती. मराठी तिला वाचता येत होतं. फलकावर टाइप केलेला कागद चार टाचण्यांनी लावला होता.

"श्रीमती शेवंताबाई, वाइंडिंग खाते, या कामावर गैरहजर राहिल्या. त्यांनी सादर केलेल्या वैद्यकीय दाखल्यात, सदर स्त्री कामगार आळशी असून डाव्या पायास विश्रांतीची आवश्यकता आहे, असे डॉक्टरांनी प्रमाणित केले आहे. आळस हे रजेचे कारण होऊ शकत नाही. सबब त्यांचा गैरहजेरीचा पगार रोखण्यात येत असून त्यांच्यावर कारवाई का करू नये याची चौकशी होईल."

तिने तो एकदा वाचला. मग बोट लावून पुन्हा वाचला.

मागून हुस्नबानो म्हणाली, "आओ अक्का, पेटी उल्टी करके रखी है तुम्हारे वास्ते. अब तो डॉक्टर ने लिख के दिया."

खात्यात त्या दिवशी मशीनच्या आवाजापेक्षा हसणं मोठं होतं. इतकी वर्षं तिने ज्याला त्याला वाटलेला शब्द एकगठ्ठा परत येत होता. झाडूवाल्यानेही तिच्या मशीनखालून झाडू फिरवताना म्हटलं, "पाय उचला आक्का, का झोप लागेल शे?"

मधल्या सुट्टीत ती ऑफिसात गेली. चुडामण खुर्चीत होता.

"चुडामणभाऊ, काय लिखेल शे फळावर?"

"वाचता येतं ना तुम्हाला? मग वाचा."

"कोनी लिखं?"

"मी कोण लिहिणार? तुमच्या डॉक्टरने लिहिलं. मी मराठी केलं." त्याने दाखला काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरचं अक्षर म्हणजे पावसात भिजलेल्या मुंगीने काढलेली वाट. त्यात एकच शब्द टपोरा, सुटा, वाचण्यासारखा होता. त्याच्या पुढचा शब्द नुसता फराटा, आणि मग डावा पाय, विश्रांती. चुडामणने खिशात मावेल असा शब्दकोश उघडून तिच्यापुढे धरला. "हा बघा. इंडोलंट. म्हणजे आळशी, सुस्त, ऐदी. तीन अर्थ दिलेत. मी त्यातला सौम्य घेतला."

"डॉक्टर माले आळशी काबर म्हनी? त्यानी मना पाय देखा, मनं काम नही देखं."

"पाय बघूनच कळलं असेल."

चुडामणने हे मुद्दाम केलं असं नाही. त्याला इंग्रजी जेवढं येत होतं, तेवढ्यात तो शब्द तसाच बसत होता. पण एकदा बसल्यावर तो उठवायची त्याला घाई नव्हती. संध्याकाळी तिच्या हातात आरोपपत्र पडलं. त्यात गिरणीच्या मॅनेजर साहेबांनी आणखी एक शब्द घातला होता. ऑफिसात येऊन वाद घातल्याबद्दल ती इंडोलंट तर होतीच, वर रिकॅल्सिट्रंटही होती. चुडामणने मराठी प्रतीत लिहिलं होतं, आळशी व हट्टी.

चौकशीत हे सिद्ध झालं तर नोकरी जाणार, हे तिला युनियनच्या अभिमनने सांगितलं. अभिमन खात्याखात्यांतून वर्गणी जमवायचा आणि बोलताना एक डोळा बारीक करायचा. शेवंताबाईने त्यालाही आळशी म्हटलेलं होतं. तो म्हणाला, "शेवंताआक्का, युनियन सगळ्यांची आहे. तुमचीसुद्धा." यातला 'सुद्धा' तिने ऐकला.

"नोकरी जाई तं जाई," ती म्हणाली. "पन त्या शब्दवर नही जावाले पाहिजे. कामचोरनी सारखं काढाले नको माले."

अभिमनने ऑफिसातून दाखला मागून आणला आणि आधी दोघं दवाखान्यात गेली. दाखला लिहिणारा डॉक्टर बदली होऊन गेला होता. नव्याने दाखला हातात घेतला, परत दिला. "बरोबर लिहिलंय. इंडोलंट अल्सर. अल्सर म्हणजे जखम. शब्द जखमेचा आहे, तुमचा नाही."

"मंग तसं लिखी द्या."

"मी काय लिहू? मी दाखला दिलेला नाही. तुमच्या ऑफिसला इंग्रजी येत नसेल तर त्यांना शाळेत घाला." आणि त्याने पुढच्या रोग्याला हाक मारली.

अभिमनच्या ओळखीत जळगावला रतिलाल सर होते. इंग्रजीचे मास्तर, निवृत्त झालेले. लहानपणी पाद्र्यांच्या शाळेत शिकल्यामुळे त्यांना लॅटिन येत होतं. अख्ख्या जिल्ह्यात ते कुणी त्यांना विचारलं नव्हतं, आणि याचा त्यांना राग होता. रविवारी शेवंताबाई आणि अभिमन एसटीने पारोळा, एरंडोल करत जळगावला उतरले आणि बळीराम पेठेत त्यांचं घर शोधून काढलं. सर दारातच म्हणाले, "शिकवणी बंद आहे. गाइड विकत घ्या."

"शिकवनी नको. एक शब्द पाहिजे," शेवंताबाई म्हणाली.

सरांनी तिला आत घेतलं, पण बसा म्हटलं नाही. ती बसलीही नसती. दाखला आणि आरोपपत्र त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. मग फलकावरच्या मजकुराची अभिमनने उतरवून आणलेली नक्कल वाचली आणि त्यांचं तोंड कडू झालं.

"कुणी केलं हे भाषांतर?"

"हेडक्लार्कनी."

"त्याला फलकावर लावा." सर खुर्चीत सरसावून बसले. "ऐका. लॅटिनमध्ये डोलोर म्हणजे वेदना. डोलेरे म्हणजे दुखणं. इन म्हणजे नाही. इंडोलंट म्हणजे न दुखणारं. डॉक्टर लोकांनी हाच मूळ अर्थ धरून ठेवला. जी जखम दुखत नाही आणि भरतही नाही, ती इंडोलंट. तुमची जखम दुखते?"

"नही."

"मग डॉक्टर बरोबर."

"मंग त्या शब्दकोशमा आळशी काबर लिखेल शे?"

"कारण इंग्रजांनी शब्द घेतला आणि वापरून वापरून झिजवला. ज्याला दुखत नाही, त्याला त्रास नाही. ज्याला त्रास नाही, तो त्रास करूनही घेत नाही. जो त्रास करून घेत नाही, तो आळशी. असा घसरत घसरत तो शब्द खाली आला."

शेवंताबाईने जरा विचार केला. "म्हनजे ज्याले काही दुखत नही तो आळशी?"

"इंग्रजांच्या मते."

"मंग चुडामणनं बराबर शे. त्याले काहीच दुखत नही."

अभिमन हसला. सर हसले नाहीत. शब्दाची चेष्टा त्यांना खपत नसे. ते दुसऱ्या शब्दाकडे वळले. "रिकॅल्सिट्रंट. हा तुमच्या साहेबाने कुठून उचलला देव जाणे. काल्क्स म्हणजे टाच. री म्हणजे मागे. घोडा किंवा खेचर मागच्या टाचांनी लाथ झाडतं, ते हे. मालकाने ओढलं की लाथ."

"हाऊ शब्द चांगला शे," शेवंताबाई म्हणाली.

"शब्द चांगले-वाईट नसतात, बाई. बरोबर असतात किंवा चूक असतात." मग सरांना थांबवणं कठीण झालं. गिरणीत रोज सही करतात ते मस्टर म्हणजे मोन्स्त्रारे, दाखवणं. रोज जाऊन तोंड दाखवायचं. सुपरवायझर म्हणजे वरून बघणारा. चौकशीच्या कागदात कामगाराला डेलिन्क्वंट म्हणतात, त्यात लिंक्वेरे आहे, म्हणजे सोडून जाणं. शेवंताबाई पायावर पाय बदलत उभी होती. शेवटी म्हणाली, "सर, बठ्ठ्यानी मुळं माले नका देऊ. मी केळी लावाले उनू नही."

सर उठले. कपाटातून जाड कोश काढून त्यांनी इंडोलंटचा सगळा उतारा कागदावर लिहून दिला, मुळासकट. खाली सही केली. कागद हातात देताना म्हणाले, "याने तुमचं काम होईल असं समजू नका. ते विचारतील, दुखत नव्हतं तर घरी का बसलात? तेव्हा काय सांगणार?"

तिने कागद पदरात बांधला. आभार मानले नाहीत. सरांनी दार लावून घेतलं.

परतीच्या एसटीत अभिमनने एक डोळा बारीक केला. "आक्का, सर म्हणतात ते खरं आहे. साहेब हेच विचारणार. तुम्ही सरळ म्हणा, दुखतं. रात्रभर झोप नाही म्हणा. थोडं रडा."

"दुखत नही तं दुखस कशी म्हनू?"

"सगळे म्हणतात. रजा घेणारा प्रत्येक जण म्हणतो."

"म्हनूनच त्यास्ले मी आळशी म्हनस."

"नोकरी वाचवायची आहे ना?"

"दुखस म्हननू तं डॉक्टरना शब्द खोटा व्हई. तो शब्द न दुखणाऱ्या जखमेचा शे ना? मंग तो जखमेचा राहावचा नही. मंग तो कोनावर जाई? मनावर." पारोळ्याला एसटी थांबली तेव्हा तिने पदरातला कागद चाचपला. मग म्हणाली, "तू युनियनचा शे का चुडामणचा?" धुळं येईपर्यंत अभिमन खिडकीबाहेर बघत राहिला.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. साहेब मुंबईकडचे, इंग्रजी शाळेत शिकलेले. चुडामण कागद लिहायला बाजूला बसला होता. कामगारांपैकी साक्षीला म्हणून हुस्नबानोला बोलावलं होतं. तिला चुडामणनेच निवडलं होतं. शेवंताबाईविरुद्ध बोलायला तिच्याइतकं योग्य कोण, असा त्याचा हिशेब होता. शेवंताबाईसाठी खुर्ची ठेवली होती. ती खुर्चीमागे उभी राहिली.

अभिमनने सरांचा कागद पुढे केला. साहेबांनी तो वाचला. "कोण हे रतिलाल?" म्हणत त्यांनी मागच्या कपाटातला जाड कोश स्वतः काढला, पान उघडलं आणि बोट खाली खाली नेलं. बोट एका जागी थांबलं. कोश मिटून त्यांनी चुडामणकडे बघितलं. "पुढचा शब्द अल्सर आहे. वाचला नाहीत?"

"अक्षर लागत नव्हतं, साहेब."

"ठीक आहे. म्हणजे जखम, आणि न दुखणारी." साहेब शेवंताबाईकडे वळले. "बाई, खरं सांगा. जखम दुखते का?"

अभिमनने खुर्चीआडून तिच्या उजव्या पायाला पाय लावला.

"नही," शेवंताबाई म्हणाली.

चुडामणने ते लिहून घेतलं. लिहिताना त्याचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला.

"न दुखणाऱ्या जखमेसाठी सहा आठवडे घरी?" साहेब म्हणाले. "मग शब्दाचा कुठला का अर्थ असेना, फरक काय पडला?"

"फरक पडस साहेब." तिने आवाज चढवला नाही. "दुखती तं पहिलाच महिनामा मी रजा टाकती. दुखी नही म्हनीसनी मी तिच्यावर उभी राहिनू. दीड वर्ष. एक पाळी बुडाई नही. ज्याले दुखत नही तो आळशी, असं तुमना कोश म्हनस ना? माले दुखं नही, म्हनीसनी मी काम करं. आते तुम्हीच सांगा."

"हे तुम्ही म्हणता. पुरावा काय?"

तिने खुर्ची पुढे ओढली. सगळ्यांना वाटलं, बसते. तिने खुर्चीची पाठ धरून पट्टी सोडली, डावा पाय उचलला आणि टाच साहेबांच्या टेबलावर, आरोपपत्रावर ठेवली. सहा आठवडे पडून राहूनही जखम वाटीएवढी खोल होती. कडा पांढऱ्या, आत काळपट. चुडामण खुर्ची मागे सारून भिंतीला लागला.

"टाचणी शे ना टेबलवर? घ्या. टोचा. मी हललू तं नोकरी घ्या."

साहेबांनी टाचणी घेतली नाही. "पाय खाली घ्या."

"फळावरना कागद खाली घ्या, मंग पाय खाली घेसू."

साहेबांनी टाचेखालच्या आरोपपत्राचा कोपरा ओढून पाहिला. तेव्हा हुस्नबानो, तिला कुणी विचारलं नव्हतं तरी, म्हणाली, "साब, ये औरत का पाँव सडा तब भी खडी थी. बास मेरे को आई, इसको नहीं आई. मेरे को रोज आळशी बोलती. मेरा दिल नहीं इसके वास्ते बोलने का. मगर आळशी ये नहीं. ये तो बीमारी है दूसरों के वास्ते." चुडामणचं पेन थांबलं होतं. ती त्याला म्हणाली, "लिखो ना. बीमारी भी लिखो."

साहेबांनी फलकावरचा कागद काढायला सांगितलं आणि पाय खाली आल्यावर आरोप मागे घेतला. रोखलेला पगार द्यायला सांगितलं आणि दोन्ही शब्दांवर लाल रेघ ओढायला पेन उघडलं. म्हणाले, "आणि यापुढे बाईंना बसून करायचं काम द्या. कोन बांधायचं."

"बसानं काम नको. पट्टी बांधीसनी उभी राहसू."

साहेबांनी पेन वरच्यावर धरलं. "हे पाहिलंत? दुसरा शब्द याच्यासाठीच होता."

"तो राहू द्या साहेब. तो बराबर शे. पहिला काढा."

साहेबांनी एकाच शब्दावर रेघ मारली.

हट्ट तिचा चूकच होता. जखम मुळाशी गेली होती आणि उभं राहून ती भरणार नव्हती. शेवटी जॉबरने तिला मशीन बदलून दिलं, छोटं, भिंतीकडचं. पाय चालता राहील आणि एका जागी उभं राहणं कमी होईल, असं. तेवढं तिने ऐकलं.

चुडामणने फलकावरचा कागद काढला. चारही टाचण्या फलकावर तशाच राहिल्या. शेवंताबाई ऑफिसात गेली.

"कागद काढा. आते खुलासा लावा."

"खुलासा कशाचा?"

"मी आळशी नही, असा."

"फलक सूचनांसाठी आहे, शब्दार्थांसाठी नाही. पगार मिळतोय ना? घ्या आणि जा."

खात्यात कागद कुणी विसरलं नव्हतं. नवी मुलगी कामाला लागली की तिला आधी तीच गोष्ट सांगत. झाडूवाला शेवंताबाईला इंडोलंट आक्का म्हणू लागला. त्याच्या तोंडी ते इतकं सोपं बसलं की पुढे जॉबरही म्हणू लागला. हुस्नबानो म्हणाली, "कागद निकाला अक्का, पर पढा तो सबने. जो पढा वो कैसे निकलेगा?" ती चिडवत नव्हती, नुसती विचारत होती. शेवंताबाईला ते चिडवण्यापेक्षा जास्त लागलं.

रोखलेला पगार हातात आला तेव्हा घरात त्याची वाट बघणारे बरेच होते. सुनेला शिलाई मशीन हवं होतं. मुलाला सायकलला नवे टायर हवे होते. अभिमन युनियनच्या पावतीपुस्तकासह दारात येऊन गेला. शेवंताबाईने पैसे पदरात बांधले आणि पाचव्या गल्लीत गावातल्या दैनिकाच्या कचेरीत गेली.

जाहिराती घेणाऱ्या माणसाने विचारलं, "दुःखद निधन? की हरवले-सापडले?"

"जाहीर खुलासा."

"जमिनीचा?"

"शब्दाचा."

तिने सरांचा कागद पुढे ठेवला. त्याने वाचला, तिच्याकडे बघितलं, पुन्हा वाचला. म्हणाला, "बाई, यातलं लॅटिन काढून टाका. जागा वाचेल. कुणाला कळायचं ते?"

"त्यास्ले कळाले नको. त्यास्नी वाचाले पाहिजे."

"चौकट मोठी होईल. सहा आठवड्यांचा पगार असा छापायला घालवायचा?"

"तुम्ही बसेल शेतस ना खुर्चीवर? मंग लिखा."

त्याने लिहिलं. सोमवारच्या अंकात, आतल्या पानावर, पोल्ट्रीच्या जाहिरातीच्या वर, जाड रेघांच्या चौकटीत ते आलं.

"जाहीर खुलासा. गिरणीतील वाइंडिंग खात्याच्या श्रीमती शेवंताबाई यांच्या दाखल्यावर इंडोलंट असा शब्द होता. तो त्यांच्या डाव्या पायाच्या जखमेबद्दल होता. लॅटिन भाषेत इन म्हणजे नाही, डोलेरे म्हणजे दुखणे. सबब इंडोलंट म्हणजे न दुखणारी जखम. गिरणीच्या ऑफिसने त्याचा अर्थ आळशी केला, तो चूक आहे. शेवंताबाई आळशी नाहीत. ज्यांनी तसे म्हटले व जे अजून म्हणतात, त्यांनी नोंद घ्यावी."

चौकटीचे पैसे देऊन जे उरलं, त्याचे तिने त्याच अंकाचे गठ्ठे घेतले. पोल्ट्रीवाल्याने आपल्या जाहिरातीचा अंक इतका का खपला म्हणून कचेरीत चौकशी केली म्हणतात. पहाटे ती गेटवर उभी राहिली आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक अंक दिला, वॉचमनपासून साहेबांच्या ड्रायव्हरपर्यंत. हुस्नबानोने घडी घालून कमरेला खोचला. चुडामण सायकलवरून उतरला, तेव्हा तिने त्याला दोन दिले, एक वाचायला आणि एक फलकावरच्या रिकाम्या टाचण्यांसाठी.